ख्रिस्तपुराणाचे संदर्भ तीन शैलींत: कामाच्या नोंदी

३ जून

ख्रिस्ती मराठी साहित्यावरचे तीन लेख तीन वेगळ्या ठिकाणी जायचे आहेत. संदर्भ देण्याच्या पद्धती तिन्हीकडे वेगळ्या: एका ठिकाणी एमएलए शैली चालते, दुसरीकडे शिकागोच्या तळटीपा, तिसरीकडे एपीए. तिन्ही लेखांचा मुख्य आधार एकच, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण. लेखक वेगवेगळे, संदर्भ लावण्याचं काम माझं. सर फोनवर म्हणाले, "पुस्तक एकच आहे हो, एकदा नोंद करा आणि तिन्हीकडे टाकून द्या." बेतही तसाच होता: झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एक नोंद करायची, शैली बदलायची, तीन सूच्या काढायच्या.

बेत 'प्रकाशनवर्ष' या रकान्याशी अडला. हे पुराण पहिल्यांदा १६१६ साली गोव्यात रायतूरला, म्हणजे पोर्तुगीज कागदांतल्या राशोलला, जेझुइटांच्या कॉलेजात छापलं गेलं. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा निघालं. या आवृत्त्या रोमन लिपीतल्या होत्या, आणि त्यांतल्या एकीचीही छापील प्रत आज हाती येत नाही. आपण वाचतो ते हस्तलिखित नकलांवरून आलेलं: जोसेफ एल. साल्ढाणांनी १९०७ साली मंगळूरहून काढलेली रोमन लिपीतली आवृत्ती, शांताराम बंडेलूंनी १९५६ साली पुण्याहून काढलेली देवनागरी आवृत्ती, अलीकडची नेल्सन फाल्काव यांची २००९ सालची बंगळूरची. शिवाय लंडनमध्ये मार्सडेन संग्रहातली देवनागरी हस्तलिखितं आहेतच. तीन लेखांत यांतलं काय काय वापरलंय ते पाहिलं. सगळंच वापरलंय, आणि सगळ्याला नुसतं 'ख्रिस्तपुराण, १६१६' म्हटलंय.

५ जून

तिन्ही लेखांतले ख्रिस्तपुराणाचे उल्लेख उचलून एका तक्त्यात मांडले. रकाने असे: लेखातला मजकूर, लेखकाने दिलेलं पान, आवृत्ती कोणती असावी, ओवी कुठली. चौथा रकाना भरण्यातच दिवस गेला. 'पृ. १४' असं एका लेखात आहे, तीच ओवी दुसऱ्या लेखात वेगळ्या पानावर. एका लेखकाने १९०७च्या आवृत्तीचं स्कॅन वापरलंय आणि पीडीएफ वाचकात दिसणारा पान क्रमांक उचललाय. सुरुवातीच्या प्रस्तावनेच्या पानांमुळे तो छापील क्रमांकाशी जुळत नाही. हे असलं पान छापून गेलं असतं तर पुस्तक हातात घेऊन शोधणाऱ्याला ओवी सापडलीच नसती.

म्हणून पान क्रमांक काढून टाकले. ग्रंथाचे दोन भाग आहेत, त्यांनाही पुराणच म्हणतात; अवस्वर म्हणजे अध्याय. सगळीकडे पुराण, अवस्वर, ओवी हा क्रम धरला. पहिल्या पुराणात ३६ अवस्वर, दुसऱ्यात ५९, सगळ्या मिळून १०,९६२ ओव्या. 'जैसी हरळांमाजी रत्नकिळा' ही सगळ्यांच्या तोंडी असलेली ओवी १.१.१२२ झाली. साल्ढाणांची प्रत उघडा की बंडेलूंची, पत्ता तोच. बायबलचा अध्याय-वचन देतात किंवा ज्ञानेश्वरीचा अध्याय-ओवी देतात तसंच हे. तिन्ही शैलींना जुन्या ग्रंथांसाठी असा क्रम चालतो.

अपवाद एकच निघाला. पुराणाच्या आधी गद्य प्रस्तावना आहे, तिला ओवी क्रमांक नाही. तिथे पान द्यावंच लागतं, आणि पान आलं की आवृत्तीही सांगावी लागते.

९ जून

स्कॅनमध्ये काही पानांची कड कापली गेलीय, ओळींचे शेवट दिसत नाहीत. १९५६च्या आवृत्तीसाठी ग्रंथालयात जाऊन बसलो. पुस्तक घरी मिळत नाही. शीर्षकपान, प्रस्तावनेची सुरुवात आणि तिन्ही लेखांत आलेल्या ओव्यांची पानं एवढ्याचीच झेरॉक्स घेतली, दोनशे साठ रुपये. शीर्षकपानाची झेरॉक्स मात्र कुणीही आधी घ्यावी. ऑनलाइन सूच्यांत या पुस्तकाचं नाव कधी नुसतं 'ख्रिस्तपुराण' असतं, कधी 'फादर स्टीफन्सकृत ख्रिस्तपुराण'. प्रकाशक प्रसाद प्रकाशन, पुणे. हे समोर ठेवून रकाने भरले तर पुढचे वाद वाचतात.

बंडेलूंच्या प्रस्तावनेतलं काही घ्यायचं तर लेखक बंडेलू, आणि ओवी घ्यायची तर लेखक स्टीफन्स. पुस्तक तेच, पण झोटेरोत नोंदी दोन: एक 'पुस्तक', एक 'पुस्तकातलं प्रकरण'. एका नोंदीत दोन्ही बसवायला गेलं की एमएलएच्या सूचीत प्रस्तावना स्टीफन्सच्या नावावर जाते.

१२ जून

आज एपीए. पुनर्मुद्रित ग्रंथासाठी या शैलीची सोय छान आहे: मूळ साल आणि हातातल्या प्रतीचं साल, मध्ये तिरपी रेघ. झोटेरोत त्यासाठी वेगळा रकाना दिसत नाही, पण 'एक्स्ट्रा' रकान्यात 'ओरिजिनल डेट' लिहून पुढे साल टाकलं की ते सूचीत उतरतं. मराठीत असं झालं:

स्टीफन्स, थॉ. (१९०७). द ख्रिश्चन पुराण (जो. एल. साल्ढाणा, संपा.). सायमन अल्वारिस. (मूळ प्रकाशन १६१६)

आणि लेखात: (स्टीफन्स, १६१६/१९०७, १.१.१२२). दिसायला सुबक. प्रकाशनस्थळ नाही, कारण एपीएच्या सातव्या आवृत्तीने ते काढून टाकलंय, मंगळूर गेलं.

पण एपीएसाठीचा जो लेख आहे त्याचा मुद्दाच शब्दांचा आहे. लेखिकेचं म्हणणं असं की स्टीफन्स धर्मविधींचे आणि चर्चचे शब्द पोर्तुगीजच ठेवतो, १६१६च्या गोव्यात दुसरा मार्ग नव्हता. पुराव्याला साल्ढाणांच्या आवृत्तीतल्या ओव्या. आता मार्सडेनची हस्तलिखितं पाहिली तर नेमक्या अशा कितीतरी जागी पोर्तुगीज शब्दाऐवजी संस्कृत वळणाचा शब्द आहे. जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२३ साली लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल स्टडीजच्या बुलेटिनात या हस्तलिखितांची माहिती दिली, तेव्हा हाच मूळ देवनागरी पाठ, म्हणजे ग्रंथाचा मूळ मजकूर, असं त्यांचं म्हणणं होतं. सगळ्यांना ते मान्य नाही. देवनागरी प्रत आधीची आणि रोमन छापताना शब्द बदलले, की रोमन आधीची आणि नंतर कुणी संस्कृत शब्द घातले, हा वाद उघडाच आहे.

अशा जागी '१६१६/१९०७' लिहिणं म्हणजे वाद न सांगताच त्याचा निकाल लावणं. शैलीच्या दृष्टीने रेघेचा अर्थ एवढाच की हा ग्रंथ पहिल्यांदा तेव्हा निघाला. वाचणारा मात्र त्याचा अर्थ असा घेतो की हा शब्द तेव्हा छापलेला होता. १६१६चं पान तर कुणी पाहिलेलंच नाही.

लेखिकेला फोन केला. तिला आधी पटेना. "ताई, तुमचा पुरावा १९०७चा आहे, १६१६चा नाही," एवढंच पुन्हा पुन्हा सांगत राहिलो. शेवटी ठरलं ते असं: या लेखात तिरपी रेघ नाही. कंसात फक्त १९०७. पहिल्या उल्लेखाच्या वेळी मजकुरातच एक वाक्य की पुराण १६१६ साली प्रथम छापलं गेलं, ती प्रत उपलब्ध नाही, इथले पाठ हस्तलिखितांवर आधारलेल्या साल्ढाणा आवृत्तीतले आहेत. जिथे शब्दावर भर आहे तिथे मार्सडेनचा पाठही शेजारी द्यायचा. तिच्या दोन परिच्छेदांचा सूर त्यामुळे बदलला. मला वाटतं लेख त्याने बरा झाला, तिला अजून तसं वाटत नाही.

बाकी दोन लेखांत १६१६ राहू दिलं. तिथे मुद्दा काळाचा आहे, पाठाचा नाही.

१८ जून

मार्सडेनची नोंद. विल्यम मार्सडेन यांनी आपला संग्रह १८३५ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजला दिला, तिथून तो स्कूल ऑफ ओरिएंटल स्टडीजकडे गेला. आज ती संस्था सोआस. जुन्या लेखांत 'किंग्ज कॉलेज' वाचून तेच ठिकाण लिहू नका, आजचं लिहा.

तिथे पहिल्या भागाचं नाव आदिपुराण, दुसऱ्याचं देवपुराण. छापील आवृत्त्यांत 'पैलें' आणि 'दुसरें'. त्यामुळे नुसतं '१.१.१२२' लिहून मार्सडेनकडे बोट दाखवता येत नाही. दोन्हीकडे ओव्यांचा क्रम प्रत्येक ठिकाणी जुळेल असं धरता येत नाही. मार्सडेनसाठी 'आदिपुराण' हे नाव, मग हस्तलिखितातला क्रमांक, आणि शेजारी 'तुलना: साल्ढाणा' म्हणून छापील क्रम.

शिकागोत हे सोपं गेलं. तळटीपेत हस्तलिखिताचं नाव, संग्रह, संस्था, शहर. सूचीत वाटल्यास नुसता संग्रह. एमएलएतही संग्रह आणि संस्था शेवटी बसतात. एपीए साल मागते. स्टीफन्सच्या नावापुढे कंसात काहीतरी हवंच, आणि नकलेचं साल स्टीफन्सचं म्हणून टाकता येत नाही. 'तारीख नाही' असं लिहिलं. लेखात (स्टीफन्स, तारीख नाही) वाचायला विचित्र वाटतं खरं, पण खोटं तरी नाही.

२४ जून

आज ओवीच्या अवतरणात अडकलो. हे आधी कुठे वाचलं नव्हतं म्हणून सविस्तर लिहितो.

स्टीफन्सची ओवी चार ओळींत छापतात, चौथी आखूड. एमएलएचा नियम: तीन ओळींपर्यंतची कविता वाक्यातच, मध्ये तिरप्या रेघा देऊन, तीनपेक्षा जास्त झाली की वेगळा परिच्छेद, डावीकडून आत. म्हणजे एकच पूर्ण ओवी घेतली तरी ती वेगळी काढावी लागते. शिकागोत दोन ओळी झाल्या तरी कविता वेगळी काढणं बरं असं सांगतात. एपीए शब्द मोजते: चाळीस किंवा जास्त असले तर वेगळा परिच्छेद. ओवीत बारा-पंधरा शब्द, त्यामुळे एपीएच्या लेखात ती वाक्याच्या पोटात राहते, ओळींमध्ये रेघा देऊन.

म्हणजे तीच ओवी दोन लेखांत चार ओळींत मोकळी उभी आणि तिसऱ्यात एका ओळीत कोंबलेली. कोंबलेली वाचवत नाही, यमक कानाला लागतच नाही. एपीएवाल्यांना विचारलं, वेगळी काढली तर चालेल का? उत्तर आलं की लेखभर एकसारखं असेल तर चालेल. एवढं विचारायला आधीच हवं होतं. तोवर तिरप्या रेघा घालून झाल्या होत्या.

दुसरी गोष्ट दंडांची. मराठी पद्धतीत ओवी '॥ १२२ ॥' अशी संपते. त्यापुढे पुन्हा कंसात १.१.१२२ आला की एकच आकडा दोनदा. दंडातला आकडा काढावा की कंसातला? एका लेखकाला दंड हवेच होते, "ओवी आहे ती, गद्य नाही." मी शेवटचे दुहेरी दंड ठेवले, त्यांच्यातला आकडा काढला, पत्ता कंसात. तीन ओळींच्या आतली अवतरणं घेताना मात्र दंड आणि तिरपी रेघ एकत्र येऊ दिली नाही. दोन्ही एकच काम करतात.

२ जुलै

नावं.

मराठीत स्टीफन्स, जुन्या इंग्रजीत स्टीव्हन्स, पोर्तुगीजांत पाद्री एस्तेव्हांव. एका लेखात तिन्ही आहेत, आणि सूचीत तीन ठिकाणी. सगळे स्टीफन्सखाली आणले, बाकीच्या रूपांना 'पाहा' म्हणून सोडलं.

एपीएला आद्याक्षर हवं. थॉमसचं 'थॉ.' की इंग्रजी अक्षराच्या नावाने 'टी.'? मराठीत दोन्ही चालतात, पण 'टी.' लिहिलं की साल्ढाणांचं 'जे. एल.' आणि बंडेलूंचं 'शां. पां.' यांची सरमिसळ दिसते. अक्षरावरून 'थॉ.', 'जो.', 'शां.' असं एकसारखं ठेवलं.

खरा घोटाळा साल्ढाणांचा. पुराणाचे संपादक जोसेफ एल. साल्ढाणा, १९०७. स्टीफन्सच्याच 'दौत्रिना क्रिस्तां' या प्रश्नोत्तराच्या पुस्तकाची १६२२ची प्रत लिस्बनहून १९४५ साली पुन्हा निघाली, तिचे संपादक मारियानो साल्ढाणा. लेखात नुसतं 'साल्ढाणा म्हणतात' आलं की कोणते? एका लेखकाने पहिल्याचं मत दुसऱ्याच्या सालासकट दिलं होतं. आडनाव एक असेल तर आद्याक्षर लावा असं एपीए सांगतेच; मी ते तिन्ही लेखांत लावलं, शैलीने मागितलं असो नसो.

ग्रंथनामं तिरकी करायची हाही तिन्ही शैलींचा आग्रह. देवनागरी अक्षरसंचांत खरी तिरकी अक्षरं बहुधा नसतात, वर्डमध्ये सरळ अक्षरच वाकवून दाखवतात आणि वेलांटी शेजारच्या अक्षरावर चढते. अवतरणचिन्हं घालावीत तर या शैलींत ती लेखांच्या आणि कवितांच्या नावांसाठी राखीव. म्हणून वर्डमध्ये 'ग्रंथनाम' नावाची एक अक्षरशैली करून सगळ्या नावांना लावली. आता अक्षरजुळणी करणारा एका जागी बदल करेल, तिरकं, ठळक, काय हवं ते.

८ जुलै

एमएलएच्या लेखात १६१६च्या आवृत्तीचं पोर्तुगीज शीर्षक द्यायचं होतं, रोमन लिपीत. 'दिस्कुर्सु' या शब्दाने सुरू होणारं लांबलचक नाव आहे, आपल्या तारणाऱ्या येशू ख्रिस्ताच्या जगात येण्याविषयी, दोन भागांत. झोटेरोने त्यातल्या जवळजवळ प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करून टाकलं, इंग्रजी शीर्षकांना करतो तसं. पोर्तुगीजमध्ये तसं करत नाहीत. हाताने दुरुस्त केलं, सूची पुन्हा काढली की पुन्हा तेच. इलाज साधा: नोंदीतला 'भाषा' हा रकाना रिकामा ठेवायचा नाही. तिथे पोर्तुगीजची खूण टाकली की सॉफ्टवेअर शीर्षकाला हात लावत नाही.

१९००च्या आधीच्या पुस्तकासाठी एमएलए प्रकाशकाऐवजी शहर द्यायला परवानगी देते. इथे ते बरं पडलं: रायतूर, १६१६.

१५ जुलै

आकडे. झोटेरोत साल इंग्रजी आकड्यांत ठेवलं होतं, मजकूर देवनागरीत. शेवटी वर्डमध्ये शोधा-बदला करून सगळे आकडे देवनागरी केले. त्यात इंटरनेटच्या दुव्यांतले आणि डीओआयमधले (लेखांच्या कायमच्या ऑनलाइन ओळख-क्रमांकांतले) आकडेही देवनागरी झाले आणि दुवे मेले. आधी दुव्यांनाही वेगळी अक्षरशैली लावायची, मग आकडे बदलताना ती वगळायची. मागची प्रत जपून ठेवलेली होती म्हणून संध्याकाळ वाचली.

शिकागोच्या लेखात प्रश्न आला की प्रकाशनस्थळं आहेत कुठे. २०२४च्या अठराव्या आवृत्तीपासून १९००नंतरच्या पुस्तकांना शहर द्यायची गरज राहिलेली नाही. त्या ठिकाणी मात्र अजून सतरावी चालते. मंगळूर, पुणे, बंगळूर परत घातले. खरं तर या पुस्तकासाठी शहर ठेवलेलंच बरं. मंगळूर म्हटल्याशिवाय ही आवृत्ती कानडी किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती वस्तीतून आली हे कळणार कसं?

२१ जुलै

परीक्षकांचे शेरे आले. एक असा: "लेखक १६१९ मध्ये वारले, मग दौत्रिना १६२२चं कसं? टंकदोष?" टंकदोष नाही. ते पुस्तक मरणोत्तर छापलं, स्टीफन्सचं कोंकणी व्याकरणही १६४० साली निघालं, तेही इतरांनी भर घालून. सूचीत 'मरणोत्तर' असं कुठलीच शैली लिहायला लावत नाही, म्हणून मजकुरात अर्धं वाक्य घातलं.

दुसरा शेरा पत्राविषयी. १० नोव्हेंबर १५७९ला गोव्याहून वडिलांना लिहिलेलं स्टीफन्सचं पत्र रिचर्ड हॅकल्यूटच्या प्रवाससंग्रहात छापलेलं आहे. एपीएच्या सूचीत ते 'स्टीफन्स, थॉमस, स्टीफन्स, थॉमस यांना' असं आलं होतं आणि परीक्षकाने एक नाव खोडलं. वडिलांचंही नाव थॉमसच. खोडलेलं परत लिहिलं, 'वडील' शब्द जोडला. तारखेचं पंचांग बदलण्याची भानगड इथे नाही, ग्रेगरीचं पंचांग १५८२ साली आलं.

'तत्रैव' (तिथेच) आणि 'उनि' (उपरिनिर्दिष्ट) काढायला लागले. मराठी प्रबंधांत सवयीचे आहेत, पण मधे एक नवी तळटीप घुसली की 'तत्रैव' भलत्याकडे बोट दाखवतो. त्याजागी आडनाव, छोटं नाव, ओवी: स्टीफन्स, ख्रिस्तपुराण, १.१.१२२.

२८ जुलै

तिन्ही फायली गेल्या. सरांनी विचारलं, पुढच्या वेळी कुणाला द्यायला एक नमुना ठेवा. ठेवला तो असा, शिकागोच्या तळटीपेचा, कारण त्यात सगळ्यात जास्त माहिती मावते आणि त्यातून बाकी दोन काढता येतात:

थॉमस स्टीफन्स, फादर स्टीफन्सकृत ख्रिस्तपुराण, संपा. शांताराम पां. बंडेलू (पुणे: प्रसाद प्रकाशन, १९५६), १.१.१२२.

यात १६१६ मुद्दाम नाही. सरांनी ते पेन्सिलीने घातलं आहे. मी अजून खोडलेलं नाही. आधी त्यांच्याशी बोलणार आहे.